चाकूच्या दर्शनाला

इतवारीत एखादं नवखं गिऱ्हाईक माझ्या दुकानासमोर घुटमळलं, की शेजारचा भांडेवाला त्याला आवाज खाली घेऊन सांगतो, "हेच थे. यायनं चाकूपायी पोराचं लगन लावलं." आवाज खाली घेतो तो मला ऐकू जावं इतपतच. हे मी कित्येक वर्षं ऐकतो आहे. आता संपादकांनी 'तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा' म्हणून गळ घातलीच आहे, तर या निमित्ताने खुलासा करून टाकतो. मी चाकूसाठी पोराचं लग्न लावलं, हे साफ खोटं आहे. मुलगीही चांगली होती.

माझं दुकान म्हणजे कातऱ्या, अडकित्ते, वस्तरे आणि चाकू यांचं. मागच्या बाजूला धार लावायचं चाक. पोट भरतं ते नव्या मालावर आणि धारेवर. पण जीव जडला तो जुन्या घडीच्या चाकूंवर. हा नाद कसा लागला ते मला सांगता येणार नाही. तंबाखू कशी लागली हे तरी कुणाला सांगता येतं?

बाहेरच्या माणसाला वाटतं, चाकू म्हणजे पातं आणि मूठ, त्यात पाहण्यासारखं ते काय. तर थोडक्यात सांगतो. घडीच्या चाकूचा जीव पात्यात नसतो, पाठीत असतो. मुठीच्या पाठीमध्ये पोलादाची एक पट्टी असते, तिला कमान म्हणतात. पातं उघडताना आणि मिटताना ही कमान आवाज करते. चांगला चाकू खणखणीत एकदाच बोलतो. कमान मेलेली असेल तर तो पुटपुटतो. म्हणून जुना चाकू हाती आला की मी आधी डोळे मिटतो, कानाशी धरतो आणि उघडतो. या सवयीमुळे मला बऱ्याच लोकांनी वेड्यात काढलं आहे. त्यानंतर खिळा पाहायचा, पातं डुगडुगतं का पाहायचं, आणि शेवटी पात्याच्या बुडाशी असलेला कारखान्याचा शिक्का. लोक धार लावून लावून पातं झिजवतात, पण शिक्क्यापर्यंत सहसा कुणाची मजल जात नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर अंकच भरेल. एक गुरुजी यायचे. बोरू तासायला चाकू हवा म्हणायचे. प्रत्येक चाकू पारखायला एक बोरू तासून पाहायचे, नाक मुरडायचे, दुसरा मागायचे. असे महिनाभराचे बोरू तासून झाले की "पुन्हा येईन" म्हणून निघून जायचे आणि शब्दाला जागून खरंच पुन्हा यायचे. एक पेन्शनर होते, त्यांना उघडताना अजिबात आवाज न करणारा चाकू हवा होता. वैद्यांनी त्यांना आंबा बंद केला होता आणि बायकोचे कान तिखट होते. मी त्यांना मेलेल्या कमानीचा एक चाकू दिला. पुढे त्या बाई दुकानात आल्या आणि मला म्हणाल्या, "काहून गा, माह्या घरात चोर घालून राहिला तू?"

आता जुना माल मिळतो कुठे? कामठीच्या छावणीतली पलटण हलली की मागे राहिलेल्या सामानाचा लिलाव होई, तिथे मिळे. आठवडी बाजारात जमिनीवर फडकं टाकून बसणाऱ्या भंगारवाल्यांकडे मिळे. काटोलकडच्या संत्र्यांच्या बागांत मिळे, कारण कलमं बांधायला तिथे प्रत्येकाच्या खिशात चाकू. पण माझी खरी युक्ती वेगळीच होती, आणि आता म्हातारपणी ती उघड करायला हरकत नाही. ती युक्ती म्हणजे खंडेनवमी.

आपल्याकडे खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, विळी, अडकित्ता, सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात. या मांडामांडीत घरातल्या पेट्या धुंडाळल्या जातात, आणि वर्षभर ज्याची कुणाला आठवणही नसते असा आजोबांच्या वेळचा एखादा चाकू त्या दिवशी बाहेर पडतो. तेव्हा घराघरांत दडलेले चाकू पाहायचे तर वर्षातून हा एकच दिवस. मी सकाळी स्नान करून, टोपी घालून, ओळखीच्या घरांतून 'दर्शनाला' निघत असे. पूजेत मांडलेल्या वस्तूचा सौदा त्या दिवशी करायचा नाही. नुसतं हात जोडायचे, नजरेने पारखायचं, प्रसाद खायचा आणि दिवाळी झाली की सहज म्हणून पुन्हा चक्कर मारायची. लोकांना मी फार देवभोळा वाटे. त्रास एकच होता. लोक चाकूवर हळदकुंकू वाहतात, वर पाणी शिंपडतात, आणि ते सगळं कमानीत उतरून गंज धरतं. हात जोडून उभं राहायचं आणि डोळ्यांदेखत चांगल्या पोलादात कुंकवाचा चिखल होताना पाहायचा. माझ्या डोळ्यांत पाणी येई. तेही लोकांना भक्तीच वाटे.

घरी अर्थातच वेगळं मत होतं. पावसाळ्यात पोलाद जपायचं म्हणजे ओल लागू द्यायची नाही, आणि ओल शोषायला तांदळासारखं दुसरं काही नाही. म्हणून मी चाकू तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत असे. एकदा हिने पाहुण्यांसाठी तांदूळ काढले आणि आधणात घातले. भात फडफडीत झाला, पण त्यात हस्तिदंती मुठीचा एक चाकू शिजला. तेव्हापासून हिने माझ्या चाकूंना 'सवती' असं नाव ठेवलं.

तर असाच एका नवमीला मी रामटेकजवळच्या एका गावी गेलो होतो. सोबत मुलगा नारायण होता. तो तेव्हा नुकताच कचेरीत चिकटला होता आणि 'बाबांना उन्हाचं एकटं कसं पाठवायचं' म्हणून रजा टाकून आला होता. धानाची शेती असलेलं घर. यजमान फारसं बोलत नसत, कारण घरात अनुसयाबाई होत्या. पाटावर कोयते, विळे, नांगराचा फाळ, आणि या सगळ्यांच्या कडेला, एखादा पाहुणा अंग चोरून बसावा तसा, तो चाकू.

सांबराच्या शिंगाची मूठ. शिंग इतकं जुनं की हाताळून हाताळून मधासारखं झालेलं. पातं उघडं, विलायती, बुडाशी शिक्का शाबूत. टोकाला मात्र काळपट डाग. मी सगळे नियम विसरलो आणि विचारलं, "बाई, हा देता का?"

अनुसयाबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, हा इकायचा नाई. हा आमच्या पोरीयच्या नवरदेवायच्या हातात जाते."

मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. त्यांच्या आईचे वडील शिकारी साहेबाबरोबर रामटेकपलीकडच्या रानात हाके घालायला जात. साहेबाने खूश होऊन हा चाकू दिला. त्याच सुमाराला घरात लग्न निघालं. आपल्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार लागते, टोकाला लिंबू टोचलेली, दृष्ट लागू नये म्हणून. ऐनवेळी कट्यार सापडेना, तेव्हा हाच चाकू उघडून लिंबू लावून दिला. तो संसार सुखाचा झाला, म्हणून पुढे रीतच पडली. सीमांतपूजनाला मुलीकडच्यांनी हा चाकू नवरदेवापुढे ठेवायचा, त्याने तो उचलायचा.

"आमच्या घरी तिघी पोरी हायेत," अनुसयाबाई म्हणाल्या. "मोठी लग्नाची झाली."

घरी आल्याबरोबर हिला म्हणालो, "रामटेककडे एक स्थळ आहे. घराणं फार उत्तम."

"मुलगी कशी हाये?" हिने विचारलं.

मुलगी मी पाहिलीच नव्हती. प्रसाद बहुधा तिनेच आणून दिला होता, पण मी तेव्हा शिक्का वाचत होतो. मी म्हणालो, "मूठ अस्सल सांबराच्या शिंगाची आहे." ही कपाळाला हात लावून खाली बसली. पण नारायण मान खाली घालून म्हणाला, "आई, मुलगी चांगली आहे." हिने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, "बरं झालं वं माय, कोनीतरी पोरगी पाहून राहिलं होतं!"

पत्रिका जुळली, गोत्राची अडचण नव्हती, सगळं रीतसर ठरलं. देण्याघेण्याच्या बैठकीत मी काहीही मागितलं नाही, याचं गावात फार कौतुक झालं. मी मागणार काय? जे हवं होतं ते रीतीनेच मुलाच्या हातात येणार होतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन झालं. अनुसयाबाईंनी चाकू पाटावर ठेवला, कारण चाकू हातातून हातात देत नाहीत. नारायणाने तो उचलला, उघडला, आणि मी इतके महिने ज्याची वाट पाहत होतो तो आवाज ऐकला. खणखणीत, एकदाच. मी भरून पावलो. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी त्याच्या टोकावर रसरशीत लिंबू खुपसलं.

हे लिंबू लग्न लागून हळद उतरेपर्यंत काढायचं नसतं. आंबट रस पोलादाला काय करतो हे ज्याने पाहिलं आहे त्यालाच माझी अवस्था कळेल. टोकाच्या त्या काळ्या डागाचा उलगडाही तेव्हाच झाला. सगळं वऱ्हाड नवरदेवाचं तोंड पाहत होतं, मी लिंबू पाहत होतो. शेवटी मला राहवेना. नारायण कपडे बदलायला आत गेला, तेव्हा मी समईजवळच्या वाटीतलं तूप घेतलं, लिंबू हळूच उपसलं, पात्याला तुपाचा चांगला हात दिला आणि लिंबू होतं तसं परत बसवलं. तूप असलं की रस पोलादाला भिडत नाही, हे माझं ज्ञान. तूप असलं की लिंबू पात्यावर ठरत नाही, हे ज्ञान मला थोड्याच वेळाने झालं.

पंगत बसली. नवरदेव मानाच्या पाटावर, चाकू ताटाशेजारी. त्याच ओळीत पलीकडे माझे मेहुणे बाबाराव बसले होते. जेवणाच्या बाबतीत बाबाराव कुणाचं ऐकत नसत. वरणभात वाढला गेला आणि ते ओरडले, "अरे, इकडं लिंबू आना लिंबू!" नेमकं तेव्हाच नारायणाच्या चाकूवरचं लिंबू सुटलं, पानांच्या कडेकडेने घरंगळत गेलं आणि बाबारावांच्या ताटाला येऊन टेकलं. बाबारावांनी वर पाहिलंही नाही. म्हणाले, "वा! व्यवस्था चांगली हाये," आणि ते लिंबू नखांनी फाडून सबंध भातावर पिळलं.

नवरदेवाच्या कट्यारीवरचं लिंबू पडणं हा अपशकुन, आणि ते मामाने खाणं याला तर काय म्हणायचं तेच कुणाला ठाऊक नव्हतं. मुलीकडच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी "हे लगन होऊ देऊ नका गा" म्हणून सूर लावला. कुणी भटजींना बोलवायला धावलं. नारायणाचा चेहरा पांढरा पडला. तो चाकूकडे पाहत नव्हता, आतल्या दाराकडे पाहत होता, जिथे ती मुलगी उभी असणार. त्या क्षणी मात्र मी घाबरलो. चाकू जाईल म्हणून नाही. पोराचा चेहरा पाहून.

अनुसयाबाई पुढे आल्या. त्यांनी चाकू उचलला, पात्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग सावकाश माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. हिने पदर तोंडाला लावला.

"काई झालं नाई," अनुसयाबाई मोठ्याने म्हणाल्या. "नवरदेवाले नजर लागली होती. ते लिंबानं घेतली, अन् ते लिंबू मामानं खाल्लं. आता पोराले कायचाच धोका नाई. झाला तं मामालेच."

मांडवात हशा पिकला. आत्याबाईंचा सूर त्यात बुडाला. बाबारावांचा घास हातातच राहिला, पण भात काही त्यांनी टाकला नाही. अनुसयाबाईंनी राखेने पातं खसाखसा घासलं, तुपाचा थेंब राहू दिला नाही, आणि पहिल्यापेक्षा मोठं लिंबू आणवून माझ्यासमोर टोकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं.

हळद उतरली आणि मी जवळ सरकलो. मऊ फडकं खिशात तयार होतं. तेवढ्यात अनुसयाबाईंनी नारायणापुढे पाट सरकवला. "जावईबापू, लिंबू काढा अन् चाकू हिथं ठेवा."

मी म्हणालो, "विहीणबाई, चाकू तर नवरदेवाचा ना?"

"हातात धरायपुरता, इवाई. अजून दोघी पोरी हायेत ना!"

मला एकच मुलगा. आता करायचं काय? मी त्या दोन मुलींसाठी स्थळं शोधायला निघालो. धंद्याच्या निमित्ताने भंडारा, उमरेड, कुठेकुठे फिरलो, चपला झिजवल्या. दोन्ही स्थळं मीच जुळवली. दोन्ही लग्नांत मी हात मागे बांधून उभा होतो आणि विहीणबाई तुपाची वाटी स्वतःजवळ घेऊन बसल्या होत्या. सुनेच्या बहिणींसाठी इतकं करणारा व्याही कुणी पाहिला नव्हता. रामटेकच्या बाजूला अजूनही माझं नाव आदराने घेतात. इतवारीत काय म्हणतात ते वर सांगितलंच आहे.

मधल्या काळात सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि मुलगी झाली. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड लागतं म्हणून तोच चाकू ठेवला होता. धाकट्या मुलीचं लग्न उरकलं आणि अनुसयाबाई स्वतः नागपूरला आल्या. कमरेचा चाकू काढून माझ्यापुढे पाटावर ठेवला. "इवाई, माह्या पोरी झाल्या. आता नातीयचा नंबर. मोठी नात तुमच्या घरी, म्हनून हा तुमच्या घरी. पन तुमचा नाई, हे ध्यानात ठेवजा." मग पातं उघडून टोक दाखवलं. लिंबाचे काळे डाग एकावर एक चढले होते. "हा माह्या मायचा. हा माहा. हे तिघीयचे. सानेवर घासानं तं याद राखा."

माझ्या दुकानात चाक होतं. दोन वेढ्यांत मी ते पातं आरशासारखं केलं असतं. इतकी वर्षं तो चाकू माझ्याकडे होता, मी रोज तेल दिलं, कमानीतलं कुंकू काडीने काढलं, पण त्या डागांना हात लावला नाही. नात शांता मोठी होत गेली ती त्या चाकूचा आवाज ऐकत. मी तो उघडला की स्वयंपाकघरातून ओरडायची, "आबा, बोलला वाटतं!" चाकूचं बोलणं कळणारं आमच्या घरात तेवढं एकच माणूस होतं.

तिचं लग्न काटोलला ठरलं. संत्र्याची बाग असलेलं घर, मुलगा स्वतः कलमं बांधतो. सीमांतपूजनाला चाकू मी पाटावर ठेवला. अनुसयाबाई थकल्या होत्या, तरी बजावून गेल्या, "इवाई, मावसबहिनी बाकी हायेत. लगन झालं का परत मागून घेजा." मी म्हटलं, हे मला सांगायला हवं का?

लग्न लागलं. शांता आमच्या पाया पडली. आम्ही सगळे स्टेशनावर गेलो. ती डब्याच्या खिडकीशी बसली. गाडी गेली. घरी आल्यावर हिने हातपाय धुतले आणि विचारलं, "अवो, चाकू परत घेतला का?"

चाकू माझ्या ध्यानातच नव्हता. त्या दिवशी टोकाला लिंबू लहान लावलं होतं की मोठं, हेही मला सांगता येईना. नारायणाच्या लग्नात मी लिंबावरून नजर काढली नव्हती, आणि शांताच्या लग्नात मला तिच्याशिवाय काही दिसलंच नव्हतं. हिने मला पाणी आणून दिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या चाकूंना सवत म्हटलं नाही.

आता अडचण अशी, की मुलीच्या घरी आपल्याकडे उगाच जात नाहीत. नातीच्या घरी तर आजोबाने काय निमित्ताने जावं? लोक नावं ठेवतात, तिच्या सासरच्यांनाही संकोच होतो. पण चाकू तर आणायला हवा. तो रीतीचा चाकू आहे, मावसबहिणी लग्नाच्या आहेत. म्हणून मी नवमीला सकाळी स्नान करतो, टोपी घालतो आणि काटोलची गाडी धरतो. पाटावर कलमांच्या चाकूंच्या ओळीत तो असतो, कुंकवाने माखलेला. शांता प्रसाद आणून देते, समोर बसते, सासूची नजर चुकवून हळूच तो उघडते. म्हणते, "आबा, बोलला ना?" मग बागेतली संत्री, सगळ्यांची विचारपूस, इकडच्या तिकडच्या गोष्टी. संध्याकाळच्या गाडीने परत.

घरी पोचलो की ही दारातच विचारते, "आनला का चाकू?"

यंदाही विसरलो.